यंदाची चटणी

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे, आणि कॉलेजातली मुलं म्हणतात की मॅडम शिकवत नाहीत, वर्गात फेऱ्या मारतात. अशा बाईच्या नशिबी केमोच्या वॉर्डाबाहेरचं लोखंडी बाकडं का यावं, हे मला अजून कळलेलं नाही. आत आईच्या छातीवर औषधासाठी बसवलेल्या पोर्टला सुई लावलेली असते, सलाईन थेंब थेंब उतरत असतं, आणि बाहेर मी औषधांच्या खिडकीवर उगाच वाद घालत असते, बंद पंख्याची तक्रार कुणाकडे करायची ते शोधत असते, जिना उतरून परत चढून तिथंच येत असते. दर एकवीस दिवसांनी हे असं.

आईला हा आजार पहिल्यांदा झाला त्याला आठ वर्षं झाली. तेव्हा स्तनाचा होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक असं सगळं पार पडलं आणि आम्ही गल्लीत पेढे वाटले. चार वर्षांनी तो हाडात निघाला आणि गोळ्यांनी दबला. गेल्या डिसेंबरात लिव्हरमध्ये डाग दिसले, मग पुन्हा केमो. पहिल्या वेळी आम्ही सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो होतो. या वेळी कुणी रडलं नाही. दादानं गाडीत डिझेल भरलं, मी रजेचा अर्ज टाकला, वहिनीनं आईची पिशवी भरली, आणि आम्ही कामाला लागलो. तेव्हा मला आमच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं होतं.

आई दादाकडे राहते, हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात. बाबा जाऊन बारा वर्षं झाली. दादाचा ऊस आहे आणि चार म्हशी आहेत, त्यामुळं धार काढून दूध डेअरीला घातल्याशिवाय तो घरातून हलू शकत नाही. केमोच्या दिवशी तो आईला आणून कोल्हापुरात माझ्याकडे सोडतो, पुढचे चार दिवस आई माझ्या फ्लॅटमध्ये पडून असते, उलट्या थांबल्या की दादा तिला घेऊन जातो. तिला फ्लॅट आवडत नाही. इथं कुणी शिंकलं तरी कळत नाही, असं तिचं म्हणणं.

आता चटणीचं सांगते. बाहेरच्या माणसाला चटणी म्हटलं की खोबऱ्याची, शेंगदाण्याची, इडलीबरोबरची असं काहीही आठवतं. आमच्याकडं चटणी म्हणजे एकच, उन्हाळ्यात कांडून वर्षभर पुरवायची लाल चटणी. आमटीत तीच, भाजीत तीच, मटणाच्या रश्श्यात तीच, आणि घरात काही नसेल तेव्हा तेल घालून भाकरीवरही तीच. मिरच्या आणायच्या, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. गल्लीतल्या बायका येऊन गोलात बसतात आणि देठ खुडतात. मग गच्चीवर ऊन दाखवायचं, खोबरं, धने, तीळ, खडा मसाला एकेक करून भाजायचा, कांदा तळायचा, लसूण सोलायचा, आणि सगळं पाट्यांत भरून कांडपावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, न्यायचं. ज्या घरची चटणी बिघडली त्या घरचं वर्ष बिघडलं, असं आमच्याकडच्या बायका अगदी गंभीरपणे मानतात.

आमच्या घरची चटणी आईच्या जिभेवर चालते. माप नाही, वही नाही. कांडपाच्या उखळातून गरम चटणी ती बोटाच्या टोकावर घेते, जिभेला लावते, क्षणभर कुठंतरी लांब बघते आणि सांगते, मीठ दोन मुठी, लसूण कमी पडला. अकरा वर्षांत वहिनीला देठांपासून भाजण्यापर्यंत सगळी कामं मिळाली, हे एक मिळालं नाही. तिला ते लागायचं. पण ती गडहिंग्लजकडची, कमी बोलणारी. आईला 'आत्ती' म्हणते आणि गप्प राहून मनासारखं करते.

यंदा मार्चमध्ये, आधीच एकदा पुढं ढकललेल्या तिसऱ्या केमोनंतर आईच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, ताप आला, पाच दिवस दवाखान्यात राहावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, धूळ नको, धूर नको, गर्दी नको. एप्रिल तोंडावर आला होता. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या होत्या की देठं काढायला कधी येऊ. मिरचीचा खाट, म्हणजे तिखट धुरळा, उठला की धडधाकट माणूस खोकून बेजार होतो, आणि इथं तर साधी सर्दी परवडणारी नव्हती. वहिनीनं मला फोन केला. आम्ही दोघींनी दहा मिनिटांत ठरवून टाकलं. तिच्या आईकडून, म्हणजे गडहिंग्लजच्या अव्वांकडून, आमच्या वाटची चटणी करून घ्यायची आणि आईला काही कळू द्यायचं नाही. कळलं तर ती उठून बसेल, भाजायला जाईल, ऐकणार नाही. तिला त्रास नको म्हणून आपण हे करतोय, असं आम्ही एकमेकींना तीन-तीनदा सांगितलं.

अव्वांनी मन लावून चटणी केली. दादा पाहुण्यांकडे जाऊन येतो असं सांगून दोन डबे घेऊन आला आणि वहिनीनं ते धान्याच्या खोलीत पोत्यांमागं लपवले. इथपर्यंत ठीक होतं. मग वहिनीनं एक करू नये ते केलं. स्वयंपाकघरातली गेल्या वर्षीची बरणी तळाला गेली होती. आईला संशय येऊ नये म्हणून ती त्या जुन्या बरणीत थोडी थोडी नवी चटणी घालत राहिली. आई पडल्या पडल्या स्वयंपाकघराकडं बघत असते हे आम्ही दोघीही विसरलो होतो. दहा दिवस घरात रोज तीन वेळा स्वयंपाक होतोय आणि बरणीतली चटणी कमी व्हायच्या ऐवजी वर चढतेय, हे तिनं बघितलं होतं.

तापामुळं लांबलेली चौथी केमो सोमवारी होती. तीन केमोनंतरच्या स्कॅनमध्ये डाग थांबलेले दिसले होते, डॉक्टर पहिल्यांदाच जरा हसून बोलले होते, आणि आता खंड पडू देऊ नका असं म्हणाले होते. रविवारी दुपारी मी गावी गेले. आईची पिशवी भरायला घेतली तर ती म्हणाली, राहू दे, मी येणार नाही. मला वाटलं चेष्टा करतेय. ती उठून बसली, वहिनीला हाक मारली आणि बरणी आणायला सांगितली. बरणी मांडीवर घेऊन तिनं तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला, आत बघितलं आणि परत बांधला.

"ही कुणाची हाय?"

वहिनीनं सांगून टाकलं. मी मध्ये पडून सगळी कारणं सांगितली, ताप, पेशी, डॉक्टर, खाट. आईनं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वर्षाची चटणी माझ्याबिगर केलासा," ती म्हणाली. "म्हंजे वरीसभर माझ्याबिगर चालवायचं ठरिवलासा की तुमी. मग मी त्या सुया कुणासाठी टोचून घिऊ?"

यावर दादा भडकला. आम्ही तुझ्यासाठी मरमर मरतोय, डॉक्टरांनी आता कुठं चांगलं सांगितलंय, आणि तू चटणीवरनं रुसतेस, असं बरंच बोलला आणि गोठ्यात निघून गेला. वहिनी चुलीपुढं बसून डोळे पुसत राहिली. मी अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. मला आईचा भयंकर राग आला होता. आठ वर्षं मी तिच्या फायली घेऊन पळतेय, आणि ही बाई एका बरणीवरून सगळं उधळून लावायला निघाली होती. त्याहून जास्त राग याचा होता की तिचं म्हणणं मला खोडून काढता येत नव्हतं. वहिनीशी फोनवर ठरवताना ते दोन डबे किती माणसांना पुरवायचे हे आम्ही बोललो होतो, आणि त्या हिशोबात आई होती का, हे मला खरोखरच आठवत नव्हतं.

सोमवार गेला. मी दवाखान्यात फोन करून ताप असल्याचं खोटं सांगितलं आणि बेड दुसऱ्या कुणाला गेला. मंगळवारी पुन्हा गावी गेले, रिपोर्ट घेऊन. डाग आधी किती होता, आता किती आहे, ते तिला बोटानं दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि चांगलं आहे म्हणाली. बुधवारी दादा सकाळचं दूध घालून कुणालाही न सांगता नृसिंहवाडीला जाऊन आला. आईनं प्रसाद घेतला, डोळ्यांना लावला, खाल्ला आणि पुन्हा कुशीवर वळली. एकेक दिवस जात होता आणि मला तो डाग आईच्या पोटात वाढताना दिसत होता. बसमध्ये मी उभ्यानंच जायचे, जागा असली तरी.

त्या बुधवारी आम्ही चौघं जेवायला बसलो. वहिनीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमटीचा पहिला भुरका घेतला आणि दादानं न बोलता मिठाकडं हात नेला, मीही नेला, वहिनीनं चाखून कपाळाला हात लावला. आमटीत मीठच नव्हतं. आई मात्र खाली मान घालून जेवत होती. वाटी संपवून तिनं अजून अर्धी वाढून घेतली आणि म्हणाली, "चांगली झालीया आमटी."

वहिनी आणि मी एकमेकींकडं बघत राहिलो. मग मला मागचं एकेक आठवायला लागलं. जानेवारीपासून आई कुठल्याच पदार्थाला नाव ठेवत नव्हती. जन्मात कधी माझ्या हातच्या जेवणाला चांगलं न म्हणणारी ही बाई माझ्या फ्लॅटमधली पांचट खिचडीसुद्धा मस्त झाली म्हणून खात होती. आम्हाला वाटलं होतं की आजारानं तिचा स्वभाव निवळला. दादा तर म्हणालाही होता, आई आता गोड झाली.

जेवण झाल्यावर मी तिच्या खाटेजवळ जाऊन बसले. खरंच बसले. विचारलं, तुला चव लागत नाही का?

"सक्रातीपासनं न्हाय. पत्रा चघळल्यागत लागतंय सगळं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुमी आणि एक गोळी आणला असतासा."

मग ती बोलायला लागली, हळूहळू, मध्ये दम खात. संक्रांतीच्या पोळीला काही लागेना तेव्हा तिला वाटलं दोन दिवसांत येईल. आलं नाही. केमो झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मीठ जरासं कळायला लागतं आणि तेवढ्यात पुढची केमो येते आणि पुन्हा सगळं जातं. या वेळी तापानंतर तेवढंही आलं नव्हतं. एप्रिल जवळ यायला लागला तरी यंदा चटणी कशी करणार हे तिला कळत नव्हतं. ज्या जिभेवर सगळं घर चालतं ती जीभच मेली, हे तोंडानं कसं सांगायचं. दोन महिने ती मनात तेच घोळवत पडली होती, आणि आम्ही समजत होतो की ती स्कॅनची काळजी करतेय.

"बरणी चढाय लागली तवा मला आधी बरं वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं सुटलो. मग रात्रभर झोप न्हाय आली. म्हटलं, ह्यास्नी माझी गरजच पडली न्हाय की."

तेव्हा मी रडले, तिच्यासमोरच. तिनं माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. रडणं संपेपर्यंत थांबली आणि मग तिला काय हवं ते सांगितलं. केमो सोडायची नाही. थांबवायची, जीभ येईपर्यंत. चटणी झाली की ती स्वतः गाडीत बसेल. किती दिवस ते तिला माहीत नव्हतं. आठ वर्षांत आम्ही तिला काय हवं असं विचारलंच नव्हतं, त्यामुळं तिची मागणी ऐकायची मला सवय नव्हती. मी उठून पुन्हा अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी डॉक्टरांना भेटले. तापाचं खोटं सांगितलं होतं तेही कबूल केलं आणि सगळी हकीकत सांगितली. चटणी हा शब्द उच्चारताना मला फार ओशाळल्यासारखं झालं. समोर भिंतीवर शरीराचे तक्ते, टेबलावर फायलींचा ढीग, आणि मी मिरचीबद्दल बोलतेय. डॉक्टर इथलेच होते, त्यामुळं निदान चटणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी आईची फाइल उघडून जुन्या आणि नव्या स्कॅनचे आकडे बघितले. मग म्हणाले की औषध लागू पडतंय, अशा वेळी थांबणं मला पसंत नाही, दोन आठवड्यांत काही होणारही नाही किंवा होईलही, मी शब्द देऊ शकत नाही. आणि मावशी आल्याच नाहीत तर माझ्या पसंतीचा काय उपयोग, असंही म्हणाले. शेवटी त्यांनी दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्यापुढं एक दिवसही नको.

दादाला हे अजिबात पटलं नाही. उद्या काही वाढलं तर त्याची जबाबदारी तू घेणार का, असं त्यानं मला सरळ विचारलं. मी हो म्हटलं. मोठेपणानं नव्हे. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि हट्टानं तिला उचलून गाडीत घालण्याची ताकद आमच्यात उरली नव्हती. दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

मग सुरू झालं जिभेची वाट बघणं. नळाला पाणी कधी येतंय याची वाट बघतात तशी मी रोज सकाळी फोन करायची, आलं का? वहिनी फोन आईच्या कानाला लावायची. आई चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायची आणि सांगायची, अजून माती. कॉलेजात माझं लक्ष लागत नव्हतं. एका वर्गात मी तोच धडा दोनदा शिकवला आणि मुलांनी सौजन्यानं ऐकून घेतला. चौथा दिवस गेला, सहावा गेला. चटणी राहिली बाजूला, आपण नुसताच आजाराला मोकळा वेळ दिला, असं मनात यायचं आणि मी भांडी घासून झालेली असली तरी परत घासायला काढायची. आठव्या दिवशी मी फोन करायच्या आत वहिनीचाच फोन आला. ती एरवी शब्द मोजून बोलणारी, त्या दिवशी घाईघाईनं बोलली.

"आत्तीस्नी खारट लागलं. थुकल्या त्या."

मी गेले तोवर मिरच्या आल्या होत्या. गल्लीतल्या बायकांना मास्क लावायला लावून देठं काढायला बसवलं होतं, त्यामुळं कुणालाच नीट बोलता येत नव्हतं आणि काम विक्रमी वेळात झालं. भाजायचं गच्चीवर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. आई खाली जिन्याच्या दारात खुर्ची टाकून, तोंडाला दुहेरी मास्क लावून बसली होती आणि वर वहिनी भाजत होती. भाजलेल्या प्रत्येक गोष्टीची वाटी मी खाली नेऊन दाखवायची, आईनं दोन दाणे बोटांत चुरायचे आणि निरोप द्यायचा, धने अजून, तीळ बास. अख्खा दिवस मी तो जिना चढत-उतरत होते. माझ्या आयुष्यात मला मनापासून जमलेलं काम कुठलं, तर ते.

कांडपावर आईला आत न्यायचं नाही यावर मी आणि दादा एकदाचे एक झालो. हातकणंगल्यात त्या दिवसांत कांडपापुढं बायकांची रांग असते आणि आत डोळे उघडता येत नाहीत. दादानं गाडी रस्त्याच्या पलीकडं झाडाखाली लावली, काचा वर केल्या, आई आत बसली. पहिला घाणा निघाला तसा वहिनीनं गरम चटणीची चिमूट वाटीत घेतली आणि रस्ता ओलांडून आली. काच दोन बोटं खाली झाली. आईनं मास्क खाली ओढून बोट जिभेला लावलं.

मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. तिला काही कळलं नाही तर काय, याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. आईनं डोळे मिटले. परत बोट बुडवलं. मग वहिनीकडं बघून म्हणाली, "तू सांग आधी."

वहिनीनं चाखलं. ती घाबरली होती. मीठ पाहिजे, आणि लसूण, असं ती म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली की लसूण नको, मीठच.

"मीठच," आई म्हणाली. "दीड मूठ घाल. तुज्या हाताची."

वहिनी परत रस्ता ओलांडून गेली तेव्हा जवळजवळ पळत होती. आई खोकायला लागली, मी काच वर केली, पाणी दिलं. खोकता खोकता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते खाटाचं होतं की कशाचं हे मी विचारलं नाही. अव्वांच्या चटणीचं काय करायचं हा प्रश्न तिनंच सोडवला. ती चाखून म्हणाली, चांगली आहे, पण आमची नाही. तरी सहा महिने खायची. आणि अव्वांचा एक डबा रिकामा करून तो आपल्या चटणीनं भरून गडहिंग्लजला पाठवायला लावला, व्याह्यांचा डबा मोकळा परत करायचा नसतो म्हणून.

ठरलेल्या तारखेला आई स्वतःहून गाडीत बसली. चौथी केमो झाली आणि तिसऱ्याच दिवशी जीभ पुन्हा गेली. या वेळी तिनं लगेच सांगितलं. पाचवी झाली, सहावी झाली. मी बाहेरच्या बाकड्यावर पूर्वीसारखीच बसत नव्हते, फिरत होते. फरक एवढाच की आता फिरताना डोक्यात एकच विचार असायचा, ते चौदा दिवस.

जुलैत स्कॅन झालं. दोन डाग होते तसे होते आणि एक वाढला होता. डॉक्टरांनी ते शांतपणे सांगितलं, औषध बदलू म्हणाले, पुढचं वेळापत्रक सांगितलं. मी विचारलं, त्या दोन आठवड्यांमुळं झालं का? ते म्हणाले की सांगता येत नाही, खंड न पडताही वाढला असता, असं खूप वेळा होतं. मी त्यांच्या चेहऱ्यावर हो किंवा नाही शोधत राहिले. त्यांनी दोन्ही दिलं नाही. ते मला अजून मिळालेलं नाही, आणि मला वाटतं मिळणारही नाही.

आई बाहेर बाकड्यावर बसली होती. दादा गाडी आणायला गेला होता. तिला सांगायचं की नाही याचा मी जरा विचार केला आणि मग वाटलं, एकदा लपवून झालंय आपलं. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं, एक डाग वाढलाय. ते दोन आठवडे मी मागून घेतले होते डॉक्टरांकडून. त्यानंच झालं असेल तर ते माझ्यामुळं झालं.

आई तिच्या पिशवीचे बंद नीट करत होती. ते करून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, मी ती स्पष्ट बघितली. तिनं ती लपवली नाही.

"आसंल," ती म्हणाली. "त्येला काय करायचं आता. पर फुडच्या बारीला आशी घाई नगं. डाक्टरास्नी आधीच सांगून ठेव, एप्रिलात पंधरा दिवस मोकळं पायजेत म्हणून."

मी उठले. बाहेर नंबर घेऊन बसलेली माणसं काहीतरी म्हणाली, शिपाई आडवा आला, त्याला बाजूला सारून मी डॉक्टरांचं दार ढकललं. आत दुसरं कुटुंब बसलं होतं. दारातूनच मी म्हटलं की आईला एप्रिलात पंधरा दिवसांची सुट्टी हवी आहे, आधीच लिहून ठेवा, म्हणजे औषध त्या बेतानं देता येईल.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या एप्रिलात?"

"येत्या," मी म्हटलं.

त्यांनी ढिगातून आईची फाइल परत बाहेर काढली आणि लिहायला घेतलं.